ऐंशीला म्हणजे कितीला

"आणि बरोबर असलं तर?"

हे विचारताना ती डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट चिमट्यासारखं उघडं धरायची आणि त्याच्या खाली उजव्या हाताचं एक बोट आडवं लावायची. नवख्या माणसाला वाटायचं, बाई काहीतरी उतरवून टाकतेय. कुरकुंभच्या आमच्या केमिकल कंपनीत ती जेमतेम चार महिने होती, पण तेवढ्यात गेटवरच्या हवालदारापासून मोठ्या साहेबापर्यंत प्रत्येकाला तिनं हे बोटांचं यंत्र दाखवलं होतं.

तुम्ही म्हणाल, बरोबर असलं तर बरोबर, त्यात विचारायचं काय? मीही तेच म्हणत होतो.

हवालदारानं तिला पहिल्या दिवशी सांगितलं, नऊच्या आत आलात तर आत घेणार, नऊनंतर आलात तर परत. तिनं विचारलं, बरोबर नऊ वाजता आले तर? हवालदार लष्करातनं आलेला माणूस. त्यानं मिशीवर हात फिरवला, घड्याळाकडं बघितलं आणि उद्या सांगतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेटवर पाटी लागली, 'प्रवेश नऊपर्यंत'. पाटी वाचून ती म्हणाली, पर्यंत म्हणजे नऊ धरून का नऊ सोडून? त्या दिवसानंतर ती कधीही आली तरी हवालदार घड्याळाकडं पाठ करून गेट उघडायचा.

आम्ही तिला बरोबरबाई म्हणायचो. तोंडावर नुसतं बाई.

गाव तिचं तळेगाव ढमढेरे. पुण्यात डिप्लोमा केलेला. कारखान्यांची कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीनं तिला आमच्याकडं पाठवलेलं होतं, आणि ती दौंडला खोली घेऊन राहायची, तिथनं जीपनं कुरकुंभला यायची. तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या कंपनीत कॉम्प्युटर एकच, तो साहेबाच्या केबिनमध्ये फुलाफुलांच्या कापडाखाली झाकून ठेवलेला असायचा. आरतीच्या वेळी देवावरचं वस्त्र काढावं तसं ते कापड दिवसातनं एकदा निघायचं. बाईनं पहिल्या आठवड्यातच त्याची घडी घालून कपाटात टाकली.

आता माझं सांगतो, कारण माझ्याशिवाय तिची गोष्ट पुरी होत नाही.

मी तिसरी पास. चौथीत दोन महिने बसलो आणि मग मेंढरांमागं गेलो. आमचं घराणं मेंढरांचं. वडलांनी पुढं वडगाव रासाईला भीमेच्या काठावर जमिनीचा तुकडा धरला आणि आम्ही एका जागी राहायला शिकलो. मी कुरकुंभला हेल्पर म्हणून लागलो तो रिॲक्टरचा ऑपरेटर झालो. बाकीचे ऑपरेटर आयटीआय झालेले, एकदोन तर बीएस्सी. तिसरी पास मी एकटा. हे मी लपवून ठेवत नव्हतो. उलट नवीन कोणी आलं की पहिलं तेच सांगायचो.

रिॲक्टर म्हणजे झाकणबंद मोठं भांडं, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. आत माल शिजतो. एका बेतापर्यंत आपण तापवायचा, तिथून पुढं तो आपल्या अंगच्या उष्णतेनं तापत जातो. त्या वक्ताला भांड्याच्या बाहेरच्या कवचात गार पाणी सोडायचं. लवकर सोडलं तर मालाच्या गुठळ्या होतात. उशीर केला तर करपतो. फारच उशीर केला तर झाकणावरच्या नळीतनं उसळून बाहेर येतो, आणि तिथं जो उभा असेल त्याचं काही खरं नाही.

हे पाणी सोडायचं काम माझं. ऐंशी अंशाला.

मोठ्या साहेबाच्या मनात आलं, पाणी यंत्रानं सोडावं. त्यासाठी ही बाई आली होती. यंत्र बसलं की माझं काय, हे कोणी बोललं नव्हतं, पण मागच्या बाजूला ड्रमचं आवार होतं आणि तिथं माणूस कमी होता.

पहिल्या दिवशी ती वही आणि पेन घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "बाई, माझ्या भांड्याला तुमी जे चिकटवताय, ते मला वाचता आलं पायजे."

मला वाटलं, हसेल. साहेबलोक हसले असते. तिनं खडू काढला आणि तिथंच एका ड्रमच्या झाकणावर एक खूण काढली, एका बाजूला मिटलेली, एका बाजूला उघडी. मी म्हणालो, ही तर लोकर कातरायची कातर. ती म्हणाली, कातरच समजा मामा, उघडी बाजू नेहमी मोठ्याकडं. डावीकडं ऐंशी, उजवीकडं सत्तर, तर तोंड ऐंशीकडं. उलटी धरली की लहान. मग तिनं कातरीखाली एक आडवी रेघ मारली. ही रेघ असली की बरोबरीचाही आत येतो, नसली की बाहेर राहतो. म्हणजे एक रेघ, आणि तेवढ्यावर एक जण वाड्यात का वाड्याबाहेर. मेंढरं वाड्यात घेताना फटीत उभं राहून मोजलेला माणूस मी, मला हे समजायला वेळ लागला नाही.

ज्यावर मी अडलो ते दुसरंच. बरोबरची दोन आडव्या रेघांची खूण ती कधी एकदा काढायची, कधी दोनदा. मी म्हणालो, बरोबर ते बरोबर, दोनदा कशाला? ती म्हणाली, एकदा काढली तर तो हुकूम. याची किंमत ऐंशी ठेव, म्हटलं की यंत्र ठेवतं, खरं काय आहे ते बघत नाही. दोनदा काढली तर तो प्रश्न. ऐंशी आहे का? मग यंत्र बघतं आणि हो का नाही ते सांगतं. शिकणारी सगळी पोरं इथंच चुकतात, मीही चुकले होते, विचारायच्या जागी ठेवून बसले होते.

चार दिवस रोज जेवणाच्या सुट्टीत ती मला शिकवत होती. मी चुकलो की रागवायची नाही, पण सोडायचीही नाही. मी एखादी गोष्ट ठासून सांगितली की म्हणायची, "मामा, तुमचं सगळं एकबरोबर असतं. दोनबरोबर कधी म्हणणार?" कँटीनमध्ये पोरं हसायची. मीही हसायचो, पण पोटातनं नाही.

एकदा तिनं आपल्या लग्नाचं सांगितलं. शिरूरचं स्थळ होतं, मुलगा बँकेत. सगळं जुळलं. आई म्हणाली, मुलगा मुलीपेक्षा उंच पाहिजे एवढंच आमचं. दाराच्या चौकटीशी दोघांना उभं केलं तर दोघं एका मापाची निघाली. तिथंही हिनं तोंड उघडलं, आणि बरोबर असला तर? मुलाच्या मावशीला वाटलं, पोरगी टिंगल करतेय. ती मंडळी चहा न घेता गेली. सांगताना ती हसत होती, आणि डबीतली चटणी बोटानं एका बाजूला सारत होती. मग म्हणाली, मुलगा बरा होता, मामा.

तिसऱ्या महिन्यात ती माझ्या वहीपाशी आली.

प्रत्येक बॅचला पाणी किती अंशाला सोडलं ते वहीत लिहायचं, असा नियम. चार वर्षांच्या माझ्या वह्या कपाटात होत्या. अक्षर माझं मोठं आणि सुटं. ती तीन दिवस त्या वह्या घेऊन बसली. चौथ्या दिवशी मला बोलावून म्हणाली, मामा, चार वर्षांत एकदाही एकोणऐंशी नाही. एकदाही एक्क्याऐंशी नाही. सगळ्या पानांवर ऐंशी. मी म्हणालो, मग कामच तसं चोख आहे. ती बराच वेळ पानं उलटत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "हे मोजलेलं वाटत नाही, मामा. हे ठेवलेलं वाटतं."

मी वही तिच्या हातातनं ओढून घेतली. माझ्या वहीवर बोट ठेवायचं काम नाही, म्हणालो. आणखीही बोललो. तुमच्या वयाएवढी वर्षं मी काम केलंय, असलं काहीतरी. ती खडू खिशात घालून गेली.

आता खरं सांगतो. तिनं अचूक ओळखलं होतं.

रिॲक्टर सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या साहेबानं हुकूम दिला होता, ऐंशीला पाणी सोडायचं आणि वहीत ऐंशी दिसलं पाहिजे. मी पहिल्या दोन बॅचना काटा ऐंशीवर आल्यावर पाणी सोडलं. दोन्ही करपल्या. कारण पाणी सोडलं म्हणजे लगेच गार होत नाही. कवच भरायला वेळ लागतो, गारवा आत उतरायला वेळ लागतो, आणि माल तोवर थांबत नाही. तिसऱ्या बॅचला मी काट्याकडं बघितलं नाही, आवाज ऐकला. आतला ढवळायचा दांडा एका वक्ताला जड फिरायला लागतो, गरोदर मेंढी चालते तसा. तो आवाज आला की मी पाणी सोडलं. काटा अठ्ठ्याहत्तरवर होता. माल असा पांढराशुभ्र उतरला की साहेबानं पेढे वाटले.

वहीत मी ऐंशी लिहिलं. तेव्हा ते मला खोटं वाटलं नाही. आमच्या बोलण्यात सहाच्या एसटीला जायचं म्हणजे कोणी सहाला घरनं निघत नाही. ऐंशीला पाणी म्हणजे ऐंशी होईल तेव्हा पाणी कामाला लागलेलं पाहिजे. पण साहेब गेला, दुसरा आला, आणि मी लिहीत राहिलो. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अठ्ठ्याहत्तर हा आकडा माझा होता. बीएस्सीवाल्यांच्या पाळीत माल पिवळट निघायचा, माझ्या पाळीत पांढरा, आणि का ते त्यांना कळत नव्हतं. तिसरी पास माणसाकडं लपवून ठेवण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

यंत्राच्या पहिल्या ट्रायलच्या आदल्या दिवशी बाईचं आणि साहेबाचं वाजलं. यंत्रात काय घालायचं त्या इंग्रजी कागदावर लिहिलं होतं, ऐंशीच्या वर गेलं की पाणी. साहेब म्हणाला, तसंच घाला. बाई म्हणाली, यंत्र पूर्ण आकडेच बघतं, ऐंशीच्या वर म्हटलं तर ते एक्क्याऐंशीला जागं होईल, बरोबरीची रेघ घातलीच पाहिजे. साहेब ऐकेना. बाई हटेना. तिच्या कंपनीनं तिला बजावलं होतं की ही ट्रायल बसली तर पुढच्या कामावर घेऊ, नाहीतर परत येऊ नको. हे साऱ्या कारखान्याला माहीत होतं, आणि तरी ती एका रेघेसाठी साहेबाशी भांडत होती.

शेवटी साहेबानं मला हाक मारली. बाई माझ्याकडं वळली. तिनं बोटं वगैरे काही दाखवली नाहीत.

"मामा, नीट सांगा. ऐंशी झाल्यावर सोडता, का ऐंशीच्या वर गेल्यावर?"

"ऐंशीला," मी म्हणालो.

"ऐंशीला म्हणजे ऐंशी झाल्यावर?"

"ऐंशीला म्हंजी ऐंशीला. वहीत बगा."

साहेबानं हात झटकले. ठीक आहे, घाला तुमची रेघ. बाईनं रेघ घातली. तिला पाहिजे ते मिळालं होतं, पण ती खूश दिसली नाही. जाताना तिनं मला परत एकदा विचारलं, या वेळी नुसत्या डोळ्यांनी. मी वर पत्र्याकडं बघितलं.

त्या दिवशी घरी भाकरी गोड लागली नाही. पण मनात म्हणालो, होऊन जाऊ दे. यंत्राला कळू दे, साहेबाला कळू दे, माणूस काय असतो ते. माल करपेल, एवढंच. नळीतनं उसळण्यापर्यंत जाईल असं मला वाटलं नव्हतं. खरं तर मी तिथवर विचारच केला नव्हता.

ट्रायल सकाळी दहाला लागली. खाली मोठा साहेब आणि हेड ऑफिसातले दोन पाहुणे. वर माचीवर रिॲक्टरपाशी मी आणि बाई. पॅनेलवर तांबडे आकडे. पाण्याचं जुनं हातानं फिरवायचं चाक बाजूच्या पाइपवर तसंच ठेवलं होतं, पण सांगून ठेवलेलं होतं की चाकाला कोणी हात लावला की ट्रायल फेल. मी हात पाठीमागं बांधून उभा राहिलो.

पाहुण्यांना दाखवायला म्हणून भांडं त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त भरलं होतं. सत्तरपर्यंत वाफ. मग वाफ बंद. एकाहत्तर, बाहत्तर, आपोआपच. बाई एकदा पॅनेलकडं, एकदा घड्याळाकडं बघून लिहीत होती. पंच्याहत्तरला ती उठली आणि झाकणावरच्या काचेतनं आत बघायला नळीच्या तोंडाशी उकिडवी बसली. काच तिथंच होती, दुसरीकडनं दिसत नाही.

सत्याहत्तरला दांडा जड झाला. मला पायाच्या तळव्याला कळलं.

अठ्ठ्याहत्तर.

माझे हात पाठीमागं एकमेकांना धरून होते. चार वर्षांत त्या आकड्याला ते रिकामे राहिले नव्हते. खाली पाहुणे काहीतरी बोलून हसले. बाईची वेणी पुढं आली होती, ती तिनं मागं टाकली आणि आणखी वाकली. नळीचं तोंड तिच्या खांद्यापासून हातभर होतं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की करपणं वेगळं आणि हे वेगळं.

"बाई, तिथनं उठा."

"दोनच मिनिटं, मामा. फेस दिसतोय."

"पोरी, ऊठ तिथनं. ऐंशीला न्हाई सोडत मी. अठ्ठ्याहत्तरला सोडतो."

तिनं मान वळवली. आधी पॅनेलकडं बघितलं, एकोणऐंशी होते, मग माझ्याकडं. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, "चाक फिरवा."

मी चाकाला झोंबलो. ऐंशी झाल्यावर यंत्रानंही आपला व्हॉल्व्ह उघडला, हुकुमाप्रमाणं, बरोबर ऐंशीला. एक्क्याऐंशी. त्र्याऐंशी. भांडं खालून गुरगुरलं. पंच्याऐंशीला नळीनं एकदाच तोंडभर गरम माल ओकला, आणि तो पडला तिथं पत्र्याचा रंग फुगून वर आला. मघाशी ती उकिडवी बसली होती तिथंच. मग पंच्याऐंशीवर आकडा थांबला, थांबला, आणि चौऱ्याऐंशी झाला.

केबिनमध्ये आम्ही दोघं उभे, साहेब आणि पाहुणे बसलेले. टेबलावर माझी वही. साहेबानं विचारलं, चाकाला हात कोणी लावायला सांगितला. बाई म्हणाली, मी. साहेब पाहुण्यांशी इंग्रजीत बोलला. त्यातले मला दोनच शब्द कळले, प्रोग्रॅम आणि फेल. चार वर्षं वही ऐंशी सांगतेय आणि माल चांगला निघतोय, म्हणजे ऐंशी बरोबर आणि प्रोग्रॅम चूक, असा त्याचा हिशेब. बिनतोड होता.

मी वाट बघत होतो, आता ती वहीचं सांगेल. तिनं आधीच ओळखलं होतं. एका वाक्यात ती सुटत होती. ती वहीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आकडा मी चुकीचा घेतला, सर."

हे मला सोसवलं नाही. माझी चूक दुसऱ्यानं, त्यातून एका पोरीनं, आपल्या डोक्यावर घ्यावी इतका मी खाली आलो नव्हतो.

"वही खोटी हाय, साहेब," मी म्हणालो. "मी लिवलीय. मी अठ्ठ्याहत्तरला पाणी सोडतो."

मग सगळं सांगितलं. पहिला साहेब, दोन करपलेल्या बॅचा, सहाची एसटी. एसटीला एक पाहुणा हसला. साहेब हसला नाही. तो म्हणाला, काल तुला समोर उभं करून विचारलं, तेव्हा तोंड शिवलं होतं का?

"तुमी दोनच गोष्टी इचारल्या. झाल्यावर का वर गेल्यावर. व्हायच्या आत सोडतो का, हे कुणी इचारलंच न्हाई."

ते खरं होतं, आणि ती पळवाटही होती. बाईनं मान खाली घातली. हसू दाबलं का दुसरं काही, ते मला दिसलं नाही.

दुपारच्या जेवणाआधी मी ड्रमच्या आवारात होतो. तात्पुरता, असं कागदावर लिहिलं होतं.

संध्याकाळी पाच वाजता ती तिथं आली. एका पालथ्या ड्रमवर बसली आणि रिपोर्ट मांडीवर ठेवून मला मराठीत वाचून दाखवला. दुसऱ्या ट्रायलला साहेब कबूल झाला होता, पण आकडा का बदलला त्याचं कारण आणि माझी सही पाहिजे होती. तिनं लिहिलं होतं, ऑपरेटरच्या अनुभवावरून पाणी अठ्ठ्याहत्तरला घेतले आहे.

"खोटी वही लिवली, ते कुटं हाय?"

"ते लिहिलं तर हेड ऑफिस तुम्हाला घरी बसवेल, मामा. साहेबांना तोंडी सांगितलंत, तेवढं पुरे."

मी म्हणालो, सही करणार नाही. ती म्हणाली, करा. मी म्हणालो, नाही. अर्धा तास आमचं चाललं होतं. ती हट्टी आणि मी तिच्याहून हट्टी, आणि दोघं एका मापाचे असू तर तेही तिलाच विचारा. शेवटी तिचा आवाज चढला. माझी नोकरी वाचवायला निघाली होती आणि मीच आडवा पडलो होतो.

"कशासाठी पण? काय मिळणारंय तुम्हाला?"

"त्या वह्या कपाटात ऱ्हाणार. उद्या तू नसशील, मी नसंन. कुणी नवा येईल, चार वर्सांचं ऐंशी बगंल आन् परत ऐंशी घालंल. तवा नळीपाशी कोन बसल्यालं आसंल?"

आवारात वारा सुटला होता, तिनं कागद हातानं दाबून धरला. मग पेन काढून खाली एक ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली. जुन्या वह्यांमधला ऐंशी हा आकडा मोजलेला नाही, कोणीही वापरू नये.

मी सही केली. आडनावासकट.

त्यांनी मला घरी बसवलं नाही. ड्रमच्या आवारातच निवृत्तीपर्यंत ठेवलं. शिक्षा म्हणून का दया म्हणून, ते मी कोणाला विचारलं नाही.

दोन दिवसांनी दुसरी ट्रायल लागली. मला आत जायची बंदी. आवाराच्या कडेनं उघडी नाली जायची. कवचातलं पाणी काम करून बाहेर पडलं की त्या नालीतनं हौदाकडं वाहत जायचं. नाली कोरडी होती. मी ड्रम हलवत होतो आणि नालीकडं बघत होतो. माझ्याबरोबर एक बिहारी पोरगा कामाला होता, तो म्हणाला, "चाचा, सूखी नाली में क्या ढूँढ रहे हो?" मी त्याला गप्प बस म्हणालो. दहा वाजून गेले. साडेदहा झाले. आतला दांडा इथं ऐकू येत नव्हता, पायालाही काही कळत नव्हतं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा माहीत नव्हतं की भांड्यात काय चाललंय. आत ती कुठं उभी असेल, काचेपाशी बसली असेल का, एवढंच डोक्यात.

मग नालीच्या वरच्या टोकाला ओल दिसली. पाण्याची एक जीभ धूळ पुढं ढकलत आली, तिच्यामागं दुसरी, आणि बघता बघता नाली भरून वाहायला लागली. मी वाकून हात घातला. कोमट होतं. कढत नव्हतं. पाणी वेळेत सुटलं होतं.

कोणी बाहेर येऊन मला काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

तीनच्या सुमाराला तिच्या कंपनीची जीप मागच्या रस्त्यानं निघाली. गुजरातला कुठंतरी पुढचं काम मिळालं होतं म्हणे, त्याच संध्याकाळी पुण्याला पोचायचं होतं. ती मागं बसली होती, मांडीवर वायरींची पेटी. मी भरलेला ड्रम बुडाच्या कडेवर तिरपा करून घरंगळत नेत होतो. असा ड्रम नेताना दोन्ही हात त्याच्यावर पाहिजेत, एक काढला तरी दोनशे लिटर पायावर येतात. जीप माझ्यासमोर हळू झाली. तिनं बाहेर वाकून काहीतरी म्हटलं. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. काय म्हणालीस असं विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ड्रम कलंडायला लागला, आणि मी मान खाली घालून तो सावरला.

जागेवर नेऊन उभा केला आणि वळलो, तोवर हवालदार गेटचा दांडा खाली घेत होता.